घरी स्पोर्ट्स कारचं चाक बदलायचंय? आधी गन नको, टॉर्क पाना घ्या

भुसावळच्या मित्राने सेकंडहँड मस्टँग घेतली आणि तिसऱ्या दिवशी मेसेज, "काय भो, चाकं घरीच काढायची म्हणतो, कोणती इम्पॅक्ट गन घेऊ?" माझ्याकडे फोक्सवॅगन पोलो जीटी आहे, थोडी खाली बसवलेली, म्हणजे त्याच्यापुढे बारकीच, पण चार वर्षं चाकं मी घरीच काढतो म्हणून मला विचारलं. त्याला जे सांगितलं तेच इथे नीट लिहितो. गन म्हणजे बोल्ट झटक्याने फिरवणारं मशीन, तिचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो, नाही घेतली तरी चालतं.

दुकानात जायच्या आधी मॅन्युअल उघडा आणि तीन गोष्टी मोबाईलमध्ये लिहून ठेवा. गोटी (सॉकेट) किती नंबरची लागते, बोल्ट किंवा नट किती न्यूटन मीटरला (हे टॉर्कचं, म्हणजे आवळायच्या जोराचं माप) आवळायचा, आणि जॅक लावायची जागा नेमकी कुठे. माझ्या पोलोला १७ ची गोटी आणि १२० न्यूटन मीटर. त्याच्या मस्टँगला, म्हणजे २०१५ नंतरच्या मॉडेलला, २१ ची गोटी आणि २०४ न्यूटन मीटर. दोन्ही गाड्यांच्या चाकाला पाचच बोल्ट किंवा नट, पण आकडे बघा किती लांब आहेत, म्हणून "सगळ्या गाड्यांना चालतो" असं लिहिलेला सेट डोळे झाकून घेऊ नका. चौथी गोष्ट मॅन्युअलमध्ये सापडेलच असं नाही, ती टेप घेऊन मोजायची. चारही टायरमध्ये हवा बरोबर असताना जॅक पॉइंटखाली किती मिमी जागा उरते ते मोजा, आणि मग पंक्चर टायरवर ती अजून कमी होणार हे धरून चाला.

जॅक या मापावरूनच ठरतो. साधा ट्रॉली जॅक पूर्ण खाली केला तरी १३० मिमीच्या आसपास उंच राहतो, तो खाली बसवलेल्या गाडीखाली जातच नाही, मग लोक चाक फळीवर चढवतात आणि नाना उद्योग करतात. लो प्रोफाइल जॅक ७५ ते १०० मिमीपर्यंत खाली येतो, तोच घ्या. वजन उचलायला २ टनी भरपूर झाला, कारण पूर्ण गाडी कुठे उचलायचीय, एक कोपराच उचलायचाय (पोलो ११०० किलोच्या आसपास, मस्टँग १७०० च्या वर). त्याच्यासोबत खाच असलेला रबरी पॅड घ्या. बऱ्याच गाड्यांना जॅक पॉइंटला पत्र्याची उभी कड असते, ती लोखंडी जॅकने सरळ दुमडते.

आता आपल्याकडची खरी भानगड जमिनीची. काळ्या मातीत जॅक रुततो हे माहीत असतं सगळ्यांना, पण शहाबादी फरशीचं लक्षात येत नाही. माझ्या अंगणात खाली पोकळ राहिलेली फरशी होती, जॅकने गाडी उचलताना कडकन फुटली, गाडी थोडी झुकली, आणि ओसरीवर बसलेले काका शांतपणे म्हणाले, "काय करी ऱ्हायना रे भाऊ?" नशीब की चाक काढलेलं नव्हतं. तेव्हापासून १८ मिमी जाड प्लायचा चांगला मोठा तुकडा जॅकखाली घालतो. मोठा का, तर ट्रॉली जॅक वर उचलताना स्वतः थोडा पुढे सरकतो, सरकायला जागा नाही मिळाली तर तो गाडीलाच ओढतो.

जॅक फक्त उचलायला असतो. उचलून झालं की गाडी घोडीवर, म्हणजे जॅक स्टँडवर घ्यायची. ३ टनी घोडीची जोडी घ्या, पण खाली किती बसते ते बघून घ्या, काही घोड्या एवढ्या उंच असतात की खाली घालायलाच गाडी खूप उचलावी लागते. आणि तिरप्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला पुढून-मागून ओट, म्हणजे चाक घरंगळू नये म्हणून अडण, लावायची. मी कित्येक दिवस वीट लावायचो, वीट फुटते, लाकडाचा तिरपा ठोकळा सुताराकडून करून घ्या.

गोटी घेताना सहा कोनी घ्या, बारा कोनी नको, ती घट्ट नटाचे कोपरे खाते. अलॉय व्हीलची भोकं अरुंद असतात म्हणून पातळ भिंतीची खोल गोटी लागते, बाहेरून प्लास्टिकचं कव्हर असलेली मिळाली तर उत्तम, भोकात चरे पडत नाहीत. अर्धा इंची ड्राइव्हची (ड्राइव्ह म्हणजे दांडा बसतो ते चौकोनी भोक). मी टपारियाची वापरतो, आपल्या नाशिकचीच कंपनी म्हणून नाही, तर सहज मिळते म्हणून. एखादा बोल्ट चोरी होऊ नये म्हणून वेगळ्या खाचेचा असेल तर त्याची चावी गोटीसोबत एकाच डब्यात ठेवा, आणि त्या चावीवर गन अजिबात लावू नका, तुटते.

सोडवायला लांब दांडा लागतो, त्याला ब्रेकर बार म्हणतात, साधारण २ फुटी. का ते सांगतो. १२० न्यूटन मीटर म्हणजे ३० सेंटीमीटरच्या पान्यावर टोकाला साधारण ४० किलोचा जोर, ६० सेंटीमीटरच्या दांड्यावर तेच काम २० किलोत. पण टायरच्या दुकानात गनने घर्रर्र करून दुप्पट आवळलेलं असेल तर छोट्या पान्यावर ८० किलो लागतात. माझ्यासोबत हेच झालं, नवीन टायर टाकून जळगावहून धुळ्याला निघालो, पारोळ्याच्या अलीकडे पंक्चर, आणि गाडीसोबत आलेल्या पान्यावर उभा राहून नाचलो तरी बोल्ट हलेना, शेवटी एका ट्रकवाल्या भाऊने टॉमी आणि पाइप दिला तेव्हा सुटला.

आणि म्हणूनच टॉर्क पाना. पैसे घालायचे तर इथे घाला, बाकी ठिकाणी वाचवा. कमी आवळलं तर चाक ढिलं होतं हे कळतं सगळ्यांना, जास्त आवळलं तर आटे ताणले जातात, बोल्ट तुटू शकतो आणि वर माझ्यासारखी रस्त्यात फजिती होते. क्लिक होणारा, म्हणजे लावलेला आकडा आला की टक् वाजणारा, अर्धा इंची घ्या. रेंज बघताना नीट बघा, ४० ते २०० वाला पोलोला मस्त, पण मस्टँगला ४ न्यूटन मीटर कमी पडतात भो! त्याला २१० पर्यंतचाही अगदी टोकावर चालवावा लागेल, त्यापेक्षा ३०० वाला बरा. टॉर्क पान्याने बोल्ट सोडवायचा नाही, आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून डब्यात ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग मार खाते.

पोलोसारख्या जर्मन गाड्यांना हबवर (चाक ज्यावर बसतं तो भाग) स्टड, म्हणजे बाहेर आलेले आट्यांचे दांडे, नसतात, बोल्ट बाहेरून आत जातो, त्यामुळे जड चाक एका हाताने धरून भोकं जुळवताना नाकी नऊ येतात. १४ मिमी जाडीची, १.५ पिचची (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीमध्ये) पिन मिळते (तुमच्या बोल्टचं माप बघून घ्या), ती एका भोकात फिरवून बसवायची, चाक तिच्यावर टांगायचं, बाकीचे चार बोल्ट लावायचे, मग पिन काढून पाचवा. छोटी वस्तू आहे पण कंबर वाचवते. मस्टँगला स्टड आहेत, तिथे गरज नाही.

बाहेरचे अलॉय टाकले असतील तर बोल्टची बैठक, म्हणजे बोल्ट चाकाला जिथे टेकतो त्या भागाचा आकार, तपासा. फोक्सवॅगनचे मूळ बोल्ट गोल बैठकीचे, बाहेरच्या अलॉयला बहुतेक वेळा शंकूसारखे लागतात. चुकीचा बोल्ट आवळला जातो, क्लिकही येतो, पण टेकतो नुसता कडेवर.

काम करायची पद्धत थोडक्यात: हँडब्रेक, गिअर, ओट. चाक जमिनीवर असतानाच बोल्ट फक्त अर्धा फेरा ढिले करायचे. मग उचला, घोडी लावा, चाक काढा. हबची गंजलेली बाजू वायर ब्रशने साफ करा, आट्यांना तेल-ग्रीस लावू नका, कोरड्या आट्यांचा टॉर्क तेलकट आट्यांवर बोल्टला जास्त ताणतो. चाक चढवून बोल्ट आधी हाताने फिरवा, मग एक सोडून एक असे चांदणीच्या क्रमाने टेकवा, गाडी खाली घ्या, आणि त्याच क्रमाने क्लिक. टायरवर फिरण्याचा बाण असेल तर बाजू बदलू नका, आणि मागची चाकं रुंद असतील तर पुढे-मागेही नाही. उन्हाळ्यात हे सगळं सकाळी सहाला करा, मे महिन्यात दुपारी उन्हात पडलेला पाना हातात धरवत नाही आणि टायर तापलेला असला की हवेचा आकडाही जास्त दाखवतो.

पोर्शे जीटी३ सारखी मधोमध एकच मोठा नट असलेली गाडी असेल तर घरी हात लावू नका, तो ६०० न्यूटन मीटरला आवळतात, आपल्या अंगणातलं काम नाही ते.

चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटरनंतर टॉर्क परत बघायचा असतो. जळगाव-भुसावळ जाऊन-येऊन साधारण ५० होतात, म्हणून मी चाकं बदलली की या मित्राकडेच चक्कर मारतो, घरी येऊन गाडी थंड होऊ देतो आणि मग टॉर्क पाना लावतो.