कुंडीची माती: नागपूरच्या काळ्या मातीत काय मिसळायचं

कुंडीला भोकं आहेत आणि माती चाळून ठेवली आहे, असं धरून चालते.

प्रमाण साधं आहे: एक टोपलं काळी माती, एक कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), एक कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भरड माल (जाड वाळू किंवा विटांचा चुरा). वर मूठभर निंबोळी पेंड. कोरफड, अडेनियम अशा खोडापानांत पाणी साठवणाऱ्या झाडांना काळी माती अजिबात नको.

कोकोपीट भिजवून पिळा, दोन-तीन पाणी बदला, खार निघून जातो. शेणखत हाताला गरम लागत असेल तर ते कच्चं आहे, परत करा. त्यातून हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते.

खरी गोम भरड मालात आहे. कापसाला सोन्यासारखी असलेली ही माती कुंडीत वैरीण होते. ओली झाली की फुगते, सुकली की आकसते. मे महिन्यात पारा 45 च्या घरात गेला की गच्चीवरच्या कुंडीत माती कडेपासून सुटते. मग ओतलेलं पाणी त्या फटीतून सरळ बुडाला. खाली पाणी वाहताना दिसतं म्हणून आपण खूश, आणि मधली मुळं कोरडी ठणठणीत! पावसाळ्यात याच्या उलट: चिखल सुटत नाही, मुळं कुजतात.

यावर ‘थोडी वाळू घाला’ असं जो तो सांगतो. ऐकू नका. बारीक वाळू थोडी घातली तर चिकणमातीत घट्ट बसते आणि वाळल्यावर वीट होते. भरड म्हणजे निदान ज्वारीच्या दाण्याएवढं हवं: चाळणीवर उरलेली कन्हान नदीची वाळू किंवा फोडलेल्या विटांचा चुरा, धूळ झटकून. परलाइट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) चांगलं, पण महाग, आणि पावसात वर तरंगून येतं. तळाला खडीचा थर घालायचा खटाटोपही नको. बारीक मातीतलं पाणी खडीत सहज उतरत नाही, ओल उलट मुळांजवळ अडून राहते. भोकावर एक खापर पुरे.

आता परीक्षा. ओलं मिश्रण मुठीत दाबा. गोळा झाला पाहिजे, पण बोट टोचताच फुटला पाहिजे. चकचकीत, चिकट राहिला तर भरड माल वाढवा. मग कुंडी भरून दोनदा पाणी द्या. दुसऱ्यांदा पाणी वर मिनिटभराहून जास्त साचलं तर कुंडी ओता आणि मिश्रण पुन्हा करा. रोप लावल्यावर ‘वरून थोडं मोकळं करू’ म्हणून काही होत नाही.

रोप लावा, वर वाळल्या पाल्याचा दोन बोटं थर द्या.