उन्हाळी कामे आणि त्वचेचा कर्करोग : जुन्या वणांवर लक्ष ठेवा

उसाच्या खोडव्याची मशागत, भाजीपाल्याला पाणी देणे आणि वळीव झाल्यावर भाताची धूळवाफ पेरणी अशा कामांमुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी भागातील शेतकरी मार्च ते मे दिवसभर उन्हात असतो. बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर असल्याने हवा सुखद वाटते आणि ऊनही सौम्य असावे असा समज होतो. परंतु त्वचेला अपाय करणारे अतिनील किरण उष्णतेसारखे जाणवत नाहीत, ते पातळ ढगांतूनही खाली येतात. शक्य ती कामे सकाळी १० पूर्वी किंवा दुपारी ४ नंतर करावीत. गांधी टोपीने डोके झाकते, पण कान, मान व नाक उघडेच राहतात. त्यापेक्षा रुंद काठाची टोपी किंवा कानांवरून उतरते बांधलेले मुंडासे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा बरा. महागड्या क्रीमचा विचार त्यानंतर करावा.

मेलॅनोमा (त्वचेला रंग देणाऱ्या पेशींचा कर्करोग) वगळता त्वचेचे दोन कर्करोग प्रामुख्याने आढळतात. बेसल सेल कर्करोग बहुधा चेहऱ्यावर, नाकाजवळ किंवा पापणीपाशी सावकाश वाढतो आणि सावळ्या त्वचेवर काळसर दिसत असल्याने तीळ समजून सोडून दिला जातो; तो इतरत्र क्वचितच पसरतो, मात्र जागच्या जागी पोखरत जातो. स्क्वॅमस सेल कर्करोग खरखरीत, खपली धरणाऱ्या गाठीसारखा किंवा उंच कडांच्या जखमेसारखा असतो, आणि दुर्लक्ष झाल्यास काखेतील, जांघेतील किंवा मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचू शकतो.

सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते, त्यामुळे उन्हाने होणारा कर्करोग त्यामानाने कमी आढळतो, म्हणूनच आपल्याकडे जुन्या वणांची काळजी अधिक करावी लागते. गुऱ्हाळावर काईलीतला उकळता रस पायावर सांडून राहिलेला, गुडघ्यामागे किंवा घोट्यापाशी आखडलेला वण चालताना वारंवार फाटतो, आणि अशा वणात अनेक वर्षांनी, कधी तीस वर्षांनीही, कर्करोग उद्भवू शकतो. वणाची कड जाड होणे, सहज रक्त येणे, दुर्गंधी सुटणे ही त्याची लक्षणे होत. परकराची नाडी वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट बांधल्याने कमरेवर काळा, खरखरीत पट्टा पडतो; तेथेही क्वचित हा रोग झाल्याची नोंद आहे, तेव्हा नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा. कुष्ठरोगामुळे तळपायाला दीर्घकाळ जखम असलेले, जन्मतः त्वचेत रंगद्रव्य नसलेले आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे घेणारे यांनी विशेष जपावे.

चार आठवड्यांत न भरणारी जखम किंवा वाढत जाणारी गाठ त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावी. तिच्यावर बिब्बा, चुना लावू नये व डागही देऊ नये. त्याने मूळ रूप झाकले जाते आणि निदान लांबते. जागा बधिर करून छोटा तुकडा तपासतात. त्याने रोग पसरतो ही भीती निराधार आहे. सुरुवातीच्या अवस्थेत बहुतेकदा शस्त्रक्रियेनेच रोग पूर्ण बरा होतो. रुग्णालयात जाताना आधार, रेशन कार्ड व आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक कार्ड सोबत ठेवावे, आणि भाजल्याची घटना कितीही जुनी असली तरी डॉक्टरांना आवर्जून सांगावी.