सी भाषा किती मुरली आहे, हे कसं तपासावं

सी ही प्रोग्रॅमिंग भाषा समोरच्याला किती येते हे तपासताना व्याख्या विचारू नका. त्या पाठ होतात. कागदावर चार ओळींचा कोड द्या आणि उत्तरासोबत कारण मागा.

सुरुवात अ‍ॅरेपासून, म्हणजे एकाच प्रकारच्या मूल्यांच्या रांगेपासून करा. १० इंटचा (पूर्णांकांचा) अ‍ॅरे, इंट ४ बाइटचा. मेन या मुख्य फंक्शनमध्ये त्यावर साइझऑफ (किती बाइट ते सांगणारा ऑपरेटर) लावला की ४० मिळतात. तोच अ‍ॅरे फंक्शनला पाठवून पॅरामीटरवर साइझऑफ लावला, तर ६४ बिट मशीनवर ८ येतात, कारण तिथे अ‍ॅरे उरतच नाही, नुसता पॉइंटर, म्हणजे मेमरीतला पत्ता असतो. आता घटकांची संख्या म्हणून ८ भागिले ४ करून लूप चालवला, तर तो दोनच घटकांवर फिरून थांबतो, आणि एररही येत नाही. कोड न चालवता हे सांगणाऱ्याला पॉइंटर खरंच कळलाय. उपायही विचारा: लांबी वेगळी पाठवायची.

मग साइन्ड ओव्हरफ्लो, म्हणजे धन-ऋण पूर्णांकाची बेरीज त्याच्या मर्यादेबाहेर जाणं. ‘एक्स अधिक १ हे एक्सपेक्षा लहान आहे का’ अशी अट लिहून द्या. जीसीसी या कंपायलरला ऑप्टिमायझेशनची ओ२ पातळी दिली की ही अट सहसा गायबच होते. साइन्ड ओव्हरफ्लो अनडिफाइन्ड (काय होईल हे भाषेने न ठरवलेला) असल्याने तो घडणारच नाही, असं कंपायलर धरून चालतो. ‘ऋण संख्या येईल’ एवढ्या उत्तरावर गुण देऊ नका. बेरजेआधीच एक्सची इंट मॅक्सशी (इंटच्या कमाल मूल्याशी) तुलना करायला हवी.