१४ फुटी की १६ फुटी? सेकंडहँड अ‍ॅल्युमिनियम बोट निवडताना काय काय बघायचं

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात राहायला आलेल्या मराठी माणसाला तिसऱ्या-चौथ्या उन्हाळ्यात हा किडा चावतोच. १० एकरांहून मोठी तळीच या राज्यात ११,८४२ आहेत, सोमवारी ऑफिसात सगळे मासेमारीच्या गप्पा मारतात आणि आपण आपले काठावर बसून डब्यातले पोहे खातो. मग एका रात्री जाहिराती चाळायला सुरुवात होते. माझ्यापुढे चाळून चाळून दोन उरल्या. एक १४ फुटी, रिव्हेट मारलेली (म्हणजे पत्रे जाड खिळ्यांसारख्या रिव्हेटांनी जोडलेली), मागे ९.९ हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक इंजिन, आणि दुसरी १६ फुटी, वेल्डिंगवाली, तिला २५ हॉर्सपॉवरचं जुनं टू-स्ट्रोक. किमतीत फरक जेमतेम तीनशे डॉलरचा. तीन आठवडे माझं रोज उठून तेच चाललेलं बघून बायको म्हणाली, बोट बघतोयस की स्थळ? त्या तीन आठवड्यांत जे शिकलो ते क्रमाने लिहितो.

पायरी १: आधी पाणी ठरवा

बोट बघायला निघायच्या आधी कागदावर लिहा की वर्षातून किती वेळा, कुठे आणि कोणाला घेऊन जाणार. खरं लिहा, स्वप्नातलं नको. माझं खरं असं होतं: ऑफिस सुटल्यावर वीस मिनिटांवरच्या तळ्यावर मी आणि नऊ वर्षांची लेक, वर्षातून दोनदा मिल लॅक्स नावाच्या मोठ्या तळ्यावर, आणि जून ते ऑगस्ट आईबाबा आले की त्यांना एक फेरी.

आता हे मिल लॅक्स ५०० चौरस किलोमीटरहून मोठं, पण सगळ्यात खोल जागी फक्त ४२ फूट. इतकं मोठं आणि इतकं उथळ म्हणून वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या येतात, एक ओसरते न ओसरते तोच दुसरी, आणि १४ फुटी बोट त्यात नुसती आपटत राहते, दात एकमेकांवर वाजतात. रोज तिथेच जायचं असेल तर १६ फूट घ्या, पुढचं वाचायचीही गरज नाही. पण घराजवळच्या तळ्यांचा हिशोब वेगळा. अमेरिकेत बऱ्याच तळ्यांवर १० हॉर्सपॉवरची मर्यादा असते, ९.९ हा विचित्र आकडा त्यातूनच आलाय. मिनिआपोलिस शहरातल्या लेक हॅरिएटसारख्या तळ्यांवर तर पेट्रोलचं इंजिन चालतच नाही. म्हणजे २५ चं इंजिन घेऊन कौतुकाने जायचं आणि पाटी वाचून परत यायचं.

बुडाचा आकारही इथेच ठरतो. इंग्रजी व्ही सारखं बूड लाट कापतं पण उभं राहिलं की डुगडुगतं, सपाट बूड उभं राहायला छान पण लाटेवर थाडथाड वाजतं. माझ्या दोन्ही बोटी व्ही बुडाच्या होत्या, त्यामुळे हा प्रश्न आपोआप मिटला.

पायरी २: आतली छोटी पट्टी वाचा

२० फुटांखालच्या मोटरबोटीला आत एक पट्टी ठोकलेली असते, त्यावर जास्तीत जास्त किती माणसं, किती वजन, किती हॉर्सपॉवर ते छापलेलं असतं. पट्टीच नसेल किंवा खरवडलेली असेल तर मी सरळ घरी येईन. लोक त्यातला फक्त माणसांचा आकडा बघतात आणि फसतात. माझ्या १४ फुटीवर लिहिलं होतं, ४ माणसं किंवा ५५५ पाउंड. ५५५ पाउंड म्हणजे अडीचशे किलो. मी, बायको, आई, बाबा असे चौघं बसलो तर पंचाहत्तरच्या सरासरीने तीनशे किलो होतात, म्हणजे चार माणसं लिहिली असली तरी आमची चार माणसं चालत नाहीत! खाली आणखी एक आकडा असतो, माणसं, इंजिन आणि सामान सगळं मिळून. त्यात इंजिनाचे ऐंशी-नव्वद पाउंड, पेट्रोल गॅलनला सहा पाउंड, बॅटरीचे पन्नासेक, असं घालत जा, मग कळतं की थर्मास कुठे ठेवायचा.

आम्ही ठरवलं, आईबाबांना फिरवायचं तेव्हा लेक आणि बायको काठावर थांबतील. एवढ्या एका फेरीसाठी दोन फूट जास्त कशाला घ्यायचे.

पायरी ३: सांधे

वेल्डिंग भारी की रिव्हेट यावर इथले लोक पुणेकर-मुंबईकर भांडतात तसे भांडतात. दोन्ही बाजूंचे कारखाने याच राज्यातले: न्यू यॉर्क मिल्स नावाच्या गावात १९४८ मध्ये सुरू झालेली लुंड रिव्हेटवाली, मूळची लिटल फॉल्सची क्रेस्टलायनर वेल्डिंगवाली. दोन्हीकडच्या चाळीस-चाळीस वर्षं जुन्या बोटी अजून पाण्यात दिसतात, त्यामुळे वादात न पडता ही बोट गळते का तेवढं बघा. बोट ट्रेलरवरच असताना पुढचं टोक जरा वर करा, बुडातलं पाणी सोडायच्या भोकाला बूच लावा आणि मागच्या बाजूला दोन-तीन इंच पाणी सोडा. जास्त नको, पाण्याचं वजन बुडाला आणि ट्रेलरला झेपत नाही. मग खाली वाकून टॉर्च मारा. माझ्या १४ फुटीचे तीन रिव्हेट ठिबकत होते, त्यांच्याभोवती मार्करने गोल केले. रिव्हेट ढिला झाला तर आतून लोखंडाचा ठोकळा धरून बाहेरून ठोकून घट्ट करता येतो, दोघांचं काम आहे पण घरी होतं. वेल्डिंगला चीर गेली तर मात्र पातळ अ‍ॅल्युमिनियम जोडणारा कारागीर शोधावा लागतो.

पायरी ४: मागची फळी, म्हणजे ट्रान्सम

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. इंजिन जिला लटकतं ती मागची भिंत बाहेरून अ‍ॅल्युमिनियमची पण आत प्लायवूड असतं, आणि ते कुजतं. इंजिनाचं खालचं टोक धरून वर-खाली हलवा आणि नजर फळीवर ठेवा. इंजिनाबरोबर फळी वाकायला लागली की प्लायवूड गेलं. माझ्या १४ फुटीची फळी मालकाने स्वतः बदलली होती, छान घट्ट होती, पण कडेला पांढरी पावडर दिसली. विचारलं तर म्हणाला, वाळवी-पाण्याला टिकणारं हिरवट लाकूड वापरलंय. ते टिकतं ते त्यातल्या तांब्याच्या रसायनामुळे, आणि तांबं ओलाव्यात अ‍ॅल्युमिनियमला खातं. हे त्याला माहीत नव्हतं, मलाही आदल्या आठवड्यापर्यंत नव्हतं. दोनशे डॉलर तिथेच कमी झाले.

मग टेप काढा आणि फळीची उंची मोजा. साधारण १५ इंच नाहीतर २० इंच असते, इंजिनाचा दांडा त्याच मापाचा लागतो. प्रोपेलरच्या वरची आडवी पट्टी बोटीच्या बुडाच्या पातळीला आली पाहिजे. १६ फुटीची फळी निघाली २० इंचांची आणि इंजिन १५ इंची! पाच इंच वर लटकलेला प्रोपेलर वळणावर पाण्याऐवजी हवाच घुसळणार. मालक म्हणाला, आम्ही दोन वर्षं असंच चालवतोय. चालवत असेल. मी मनातल्या मनात नव्या इंजिनाची किंमत मिळवली आणि ती देखणी १६ फुटी तिथेच सोडली.

पायरी ५: इंजिन

पोचल्या पोचल्या इंजिनाच्या झाकणावर हात ठेवा. गरम लागलं तर मालकाने तुम्ही यायच्या आधीच चालू करून ठेवलंय, थंड असताना त्रास देतं म्हणून. पाण्याशिवाय एक मिनिटही चालवू नका, बागेच्या नळीला लावायचे कानावर ठेवायच्या हेडफोनसारखे कप मिळतात ते खाली पाणी ओढायच्या जाळीवर बसवा. चालू झालं की मागून पाण्याची बारीक धार सुटली पाहिजे, सुटली नाही तर आतला रबरी पंखा गेलाय, तो स्वस्त असतो पण त्याच्याविना इंजिन किती तापलं ते कोण सांगणार. खालच्या गिअरचा स्क्रू सोडून तेलाचा थेंब बघा, चहात दूध घातल्यासारखा रंग असेल तर आत पाणी शिरलंय. आणि ती लाल दोरी, मनगटाला लावायची, ती ओढली की इंजिन बंद पडलंच पाहिजे.

पायरी ६: ट्रेलर, गॅरेज, कागद

इथे फार वेळ नको, पण विसरू नका. ट्रेलरचा दांडा धरून १६ फुटी बोट सहज १९-२० फूट होते, आधी गॅरेज मोजा. एकट्याने बोट उतरवायची असेल तर १४ फुटी हाताने ढकलता येते, हे सुख मोठं आहे. बोटीच्या मागे उजवीकडे १२ अक्षर-आकड्यांचा नंबर कोरलेला असतो, तो कागदाशी ताडून बघा. १९८४ नंतरच्या बोटीत शेवटचे दोन आकडे मॉडेलचं वर्ष सांगतात, जाहिरातीत मारलेल्या थापा तिथे उघड्या पडतात. ट्रेलरचे कागद वेगळे मागा. लाइफ जॅकेट माणशी एक दोन्हीकडे लागतंच, पण १६ फुटांपासून पुढे, पाण्यात पडलेल्याकडे फेकायची उशी किंवा रिंगही सोबत ठेवावी लागते.

पहिल्या दिवशी

मी १४ फुटी घेतली. मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना बूच काढून ठेवावं लागतं, एका तळ्यातले झेब्रा शिंपले (बाहेरून आलेले, झपाट्याने पसरणारे) दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून आतलं पाणी सोडून द्यायचं असतं. मी नियमाप्रमाणे काढलं, खिशात घातलं, तळ्यावर फोटोबिटो काढत बोट पाण्यात सोडली आणि इंजिन चालू करायला दोरी ओढत बसलो. लेक पुढे बसली होती. ती म्हणाली, बाबा, माझे मोजे ओले झालेत. आम्ही काठापासून दहा फुटांवर होतो म्हणून बरं. तेव्हापासून बूच गाडीच्या किल्लीला बांधलेलं असतं.