डिफॉल्टने गिळलेली पाचवी अवस्था

प्रोग्रामिंग शिकू लागलो तेव्हा एकाच मूल्याच्या वेगवेगळ्या शक्यतांना वेगवेगळे काम नेमून देणारा स्विच इफ-एल्सच्या लांबलचक साखळीपेक्षा सुटसुटीत दिसतो, एवढेच मला ठाऊक होते. सी भाषेत एखाद्या केसच्या, म्हणजे स्विचमधल्या एका शाखेच्या, शेवटी ब्रेक लिहायचा राहिला, तर अंमलबजावणी सरळ पुढच्या केसमध्ये शिरते, हे मात्र अख्खी संध्याकाळ घालवल्यावर कळले. गो भाषेत प्रत्येक केस आपोआप थांबते आणि पुढे जायचे असल्यास फॉलथ्रू असे स्पष्ट लिहावे लागते. मला हीच पद्धत योग्य वाटते.

नोकरीत माझ्या हातून घडलेली मोठी चूक ब्रेकची नव्हती. मागणीच्या चार अवस्थांवर, म्हणजे नोंदवली, पाठवली, पोहोचली आणि रद्द यांवर, जावामध्ये एक जुन्या पद्धतीचा स्विच होता आणि 'रद्द'चे काम मी सवयीने डिफॉल्टमध्ये, म्हणजे कोणतीच केस न जुळल्यास चालणाऱ्या शाखेत, टाकले होते. पुढे इनममध्ये, म्हणजे या अवस्थांच्या ठरावीक यादीत, 'परत आली' ही पाचवी अवस्था आली, कोड विनातक्रार कंपाइल झाला आणि परत आलेल्या मागण्या रद्द म्हणून नोंदल्या जाऊ लागल्या. जावा १४ मध्ये, म्हणजे २०२० साली, कायम झालेली स्विच एक्स्प्रेशन डिफॉल्टविना लिहिली असती, तर इनममधली एक शक्यता सुटली आहे असे सांगून कंपायलरने, म्हणजे कोडचे यंत्रासाठी भाषांतर करणाऱ्या प्रोग्रामने, तिथेच अडवले असते. रस्ट भाषेतला मॅच, म्हणजे तिथला स्विच, हाही असाच काटेकोर आहे, पण शेवटी अंडरस्कोरची, म्हणजे उरलेल्या सगळ्यांना जुळणारी, शाखा टाकली की तोही गप्प बसतो.

शाखांची रचना जितकी लवचीक, तितके क्रमाकडे लक्ष द्यावे लागते. कोटलिन भाषेत व्हेनला, म्हणजे तिथल्या स्विचला, कोणतेही मूल्य न देता प्रत्येक शाखेत स्वतंत्र अट लिहिता येते, मात्र पहिली खरी ठरणारी शाखाच चालते. 'शून्यापेक्षा मोठे' ही अट आधी आणि 'शंभरापेक्षा मोठे' ही नंतर लिहिली, तर दुसरीची पाळी कधीच येत नाही. पायथनच्या ३.१० आवृत्तीत, २०२१ साली, मॅच आला. त्यात केससमोर नुसते नाव लिहिले, तर त्या नावाच्या चलातील मूल्याशी तुलना होत नाही. समोर येईल ते मूल्य त्या नावात साठवले जाते आणि ती शाखा नेहमीच जुळते. तुलना हवी असल्यास इनमचे नाव, टिंब आणि मग सदस्य असे पूर्ण लिहावे लागते.

नव्याने शिकणाऱ्यांनी आपल्याच कोडमधला इनमवरचा एखादा स्विच घ्यावा, त्यातला डिफॉल्ट काढून इनममध्ये एक खोटी अवस्था घालावी आणि कंपायलर कोणकोणत्या ओळींवर अडतो ते पाहावे. ती अवस्था हाताळायला हवी असूनही जिथे तो अडला नाही, त्या जागा हाताने तपासाव्यात.