काजू कारखान्यात खरेदीला लागताय? आधी उतारा मोजायला शिका

सिंधुदुर्गातल्या काजू कारखान्यात खरेदी विभागात रुजू झालात की 'पुरवठादार वाढवा, बचतगट घ्या, लहान बागायतदार घ्या, पुरवठादारांच्या विविधतेने नफा वाढतो' हे लवकरच कानावर पडेल. यादी लांबली म्हणून नफा वाढत नाही. बरेचदा उलटंच असतं: ज्या कंपनीकडे पैसा खेळता आहे तिलाच लहान पुरवठादार सांभाळणं परवडतं, आणि श्रेय विविधतेला जातं.

आधी वाटे तपासा. पुरवठादार चार, पण माल 70, 10, 10 आणि 10 टक्के. प्रत्येक वाट्याचा वर्ग करून बेरीज घ्या: 0.49 + 0.01 + 0.01 + 0.01 = 0.52. एकाला 0.52 ने भागलं की 1.9 येतात. म्हणजे कागदावर चार, खरे दोनही नाहीत. चौघे एकाच खाडीकाठचे असले तर एका अवकाळी सरीत चौघांच्याही बिया भिजतात. माल भरायच्या खोक्यांच्या पुरवठादारांचंही तसंच. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा महामार्ग आणि रेल्वे दोन्ही अडले. दोन पुरवठादारांची वाट एकच असेल तर ते एकच धरा.

आता उतारा, म्हणजे शंभर किलो बीतून किती किलो गर निघतो ते. समजा एकाची बी 120 रुपये किलो, उतारा 25 टक्के. दुसऱ्याची 126 रुपये, उतारा 28 टक्के. गर पडतो अनुक्रमे 480 आणि 450 रुपये किलो. महाग बी स्वस्त पडली! हे कळायला दर लॉटमधून, वेगवेगळ्या पोत्यांतून मिळून एक किलो बी काढून कापा. निरोगी गर पूर्ण वजनाने धरा, डागी आणि पोचट अर्ध्या वजनाने. नवखे इथेच चुकतात: दहा घरांची पोती एकाच ढिगात ओततात. मग कमी वाळलेली बी कुणाची ते कळत नाही, आणि चांगलं वाळवून देणाऱ्या ताईंनाही सरासरीचाच दर मिळतो. पुढच्या वेळी त्या कशाला वाळवतील? प्रत्येक पोत्यावर नाव आणि तारीख हवीच.

पैशांचं थोडक्यात: उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) असलेल्या सूक्ष्म-लघु उत्पादकाला लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत, नसेल तर 15 दिवसांत पैसे द्यावे लागतात. बी विकणाऱ्या शेतकऱ्याला हे कवच नाही. त्याचे पैसे काट्यावरच चुकते करा. नाहीतर पुढच्या मार्चात त्याची पोती शेजारच्या काट्यावर उतरतील.