कुरवांचे फोटो? आधी तिथी बघा

कोकण किनाऱ्यावर पक्ष्यांचे फोटो काढायला निघताना कॅमेऱ्याआधी कालनिर्णय बघा. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची ढोबळ वेळ. तृतीयेला (तीनची पाऊणपट) सव्वादोन, आणि ओहोटी त्यानंतर साधारण सहा तासांनी, म्हणजे पूर्ण ओहोटी सकाळी साडेआठच्या सुमारास. तेव्हा पोहोचा. ऊन गावाच्या बाजूने, तुमच्या पाठीमागून येतं आणि पाण्याकाठच्या कुरव (सीगल), चिखल्या अशा पक्ष्यांवर थेट पडतं. संध्याकाळी उलटं, नुसत्या काळ्या आकृत्या मिळतात (सूर्यास्ताचे फोटो तसेही सगळ्यांकडे असतात!).

पक्ष्यांमागे धावू नका. ओल्या वाळूत पालथे पडून राहा. पाणी चढू लागलं की तेच तुमच्याकडे सरकतात. खडकांवर असाल तर मात्र तेव्हाच परत फिरा, मागची वाट आधी बुडते.